मुरमाच्या वाटेने वेल्हे

सुट्टी जवळ आली की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो: मुलांना घेऊन कुठे जावे, जिथे खर्च कमी, गर्दी कमी आणि मोबाइल खिशातच राहील? या वेळी आमचे उत्तर असे, की सायकली काढा आणि पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे-भोरच्या कच्च्या रस्त्यांवर जा. मुलांना न्या आणि मुलींनाही न्या. मुलींविषयी पुढे सविस्तर लिहितो, कारण खरा मुद्दा तोच आहे.

सायकलच्या दुकानांत हल्ली ‘ग्रॅव्हल बाइक’ हा शब्द ऐकू येतो. ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी, आपला मुरूम. खाली वळलेले हँडल, चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर, अशी ही सायकल डांबरावरही पळते आणि मातीवरही. किंमत ऐकून मात्र मध्यमवर्गीय माणूस दुकानातून परत फिरतो. पण आपल्या दूधवाल्याची, पोस्टमनची काळी सायकल आठवा. तिचे चाक अठ्ठावीस इंची आणि टायर दीड इंची, म्हणजे अडतीस मिलिमीटरचा. आपले दादा-नाना आयुष्यभर ग्रॅव्हलवरच सायकल चालवत होते, फक्त त्या चालवण्याला असे नाव नव्हते.

फ्रान्समध्ये या छंदाचे मोठे प्रस्थ आहे. तिथल्या तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकडे जाणारा सुमारे २४० किलोमीटरचा कालवा १६८१ साली पूर्ण झाला. त्याच्या काठाने घोडे चालत आणि बोटी ओढत. आज त्याच काठच्या वाटेवरून कुटुंबेच्या कुटुंबे सायकलने जातात. पॅरिस-तूर ही शंभर वर्षांहून जुनी शर्यतही २०१८ पासून द्राक्षमळ्यांतल्या कच्च्या वाटांवरून जाऊ लागली. तिथल्या लोकांनी त्यासाठी नव्या वाटा पाडल्या नाहीत. कष्टकऱ्यांच्या जुन्या वाटांचीच त्यांना किंमत कळली. तशा वाटा आपल्याकडेही आहेत. आपण त्यांना पाणंद म्हणतो आणि त्यांचे डांबरीकरण कधी होणार, एवढेच विचारतो. गावकऱ्यांना चांगला रस्ता मिळायलाच हवा. तरी ज्या वाटा कच्च्या आहेत, त्या चालवून पाहण्यासारख्या आहेत.

वेल्हे हे तोरण्याच्या पायथ्याचे गाव. २०२४ मध्ये सरकारने तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. तोरणा १,४०३ मीटर उंच. शेजारचा राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पुण्याहून सातारा रस्त्याने निघाले की खेड शिवापूर लागते. हजरत कमर अली दरवेश यांच्या दर्ग्यामुळे ते आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. पुढे चेलाडी फाट्याला उजवीकडे वळले की नसरापूर, मग मार्गासनी आणि वेल्हे. हमरस्त्यावर मुलांना सायकल चालवू देऊ नका. सायकली टेम्पोत टाकून मार्गासनीपर्यंत न्या आणि तिथून सुरुवात करा.

पहिली वाट सोपी आहे: मार्गासनी, साखर, गुंजवणे. जायला दहा-बारा किलोमीटर. समोर राजगड वाढत जातो आणि दोन्ही बाजूंना भातखाचरे. दहा वर्षांचे मूलही ही वाट पार करते.

दुसरी वाट वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदला आणि तिथून मढे घाटाच्या माथ्यावर जाते. अंतर सुमारे वीस किलोमीटर. चढ-उतार बरेच, डांबर आणि मुरूम आलटून पालटून. माथ्यावरून खाली कोकण दिसते. नरवीर तानाजी मालुसरे यांचे पार्थिव याच घाटाने उमरठला नेले, असे सांगतात. ही वाट नववी-दहावीच्या मुलांसाठी ठेवा.

तिसरी वाट भोरच्या बाजूची, भाटघर धरणाच्या काठाने वेळवंड खोऱ्यात जाणारी. हे धरण १९२८ साली पूर्ण झाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की कांबरेश्वराचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते. आपण ज्या पाण्याकडे बघत सायकल चालवतो, त्याच्या तळाशी कुणाची तरी शेते होती, हे मुलांना तिथे सांगावे. पुस्तकातला ‘विस्थापन’ हा धडा तिथे लवकर कळतो.

पावसाळ्यात जाऊ नका. या भागात पाऊस फार, आणि ओला मुरूम साबणासारखा घसरतो. दसऱ्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, पकड चांगली राहते. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा आणि अंग मागे ठेवा. जास्तीची ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, पाणी आणि खजूर सोबत घ्या. खोऱ्यात मोबाइलची रेंज जाते, म्हणून परतायची वेळ घरी सांगून निघा.

नमाजचा प्रश्न अनेक जण विचारतात. पुण्याहून वेल्हे साठ किलोमीटरच्या आत आहे. हनफी फिक्हनुसार कस्रसाठी साधारण ७७-७८ किलोमीटरचा सफर लागतो, म्हणून इथे नमाज पूर्णच पढावी. शाफई घराण्यांनी आपल्या उलेमांना विचारून घ्यावे. जुमा चुकू नये म्हणून रविवारच निवडावा. खळ्यावर किंवा शेतात मुसल्ला पसरण्यापूर्वी मालकाला विचारावे. विचारले की बहुधा पाण्याचा तांब्याही पुढे येतो.

आता मुलींविषयी. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे सायकल स्टँड रोज डोळ्यांसमोर असतो. पाचवीत मुलींच्या सायकली मुलांच्या बरोबरीने उभ्या असतात. आठवीपर्यंत त्यातल्या बऱ्याच गायब होतात. सायकल मोडलेली नसते, ती धाकट्या भावाकडे गेलेली असते. मुलगी मोठी झाली, एवढेच कारण दिले जाते. पुढे ती रिक्षाच्या पैशांवर आणि कुणाच्या तरी सवडीवर अवलंबून राहते. आणि एखाद्या वर्षी शाळा दूर आहे म्हणून तिचे नावच निघते.

तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीने हजारो बायकांना सायकल शिकवली. त्यांत मुस्लिम मुली आणि स्त्रियाही होत्या. बिहार सरकारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा माध्यमिक शाळेतली त्यांची नोंदणी सुमारे एक तृतीयांशाने वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. आपल्या दीनी परंपरेतही हजरत आयेशा (रजि.) यांच्यासोबत हुजूर (स.) यांनी धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. हया आणि हालचाल यांचे वैर आहे, हे आपण कुठून शिकलो?

पालकांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. शहरातली रहदारी वाईट आहे आणि टवाळखोरही आहेत. म्हणूनच या वाटा सुचवतो. इथे अब्बा, अम्मी, मामू, फूफी सगळे सोबत असतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन कुटुंबे मिळून गुंजवण्याला गेलो. साखरजवळ भात झोडणाऱ्या एका आजीने आमच्यातल्या एका मुलीला थांबवून विचारले, “एवढ्या लांबून सायकलवर आलीस? दमली नाहीस का गं पोरी?” ती म्हणाली, “परत पण जायचंय, आजी.” तिचे अब्बा मागेच होते. त्यांनी ऐकले, बोलले काही नाही. पण त्या सोमवारपासून ती शाळेला सायकलने येते.

कपड्यांची अडचण सोपी आहे. साखळीवर पूर्ण झाकण बसवून घ्या आणि सलवारच्या पायाला क्लिप लावा. ओढणीचे किंवा बुरख्याचे टोक चाकात जाणार नाही, असे नीट खोचा. स्कार्फ पातळ सुती असावा आणि गाठ मागे नसावी, म्हणजे वरून हेल्मेट घट्ट बसते.

अदब सांभाळणे मात्र सर्वांनाच लागू. खाचराच्या बांधावरून सायकल नेऊ नका, तो मातीचा असतो आणि फुटतो. गुरे आली की उतरून बाजूला उभे राहा. घंटी वाजवून त्यांना बिथरवू नका. बायका शेतात काम करत असताना फोटो काढू नका. वाटेतला काटा-दगड उचलून टाकणे हा ईमानचा भाग आहे, हे आपण मक्तबमध्ये शिकलो. आपल्या हातचे बिस्किटाचे पाकीट वाटेत टाकायचे नाही, हेही त्यातच आले.

नवी सायकल घेण्याची घाई नको. माळ्यावरची जुनी खाली काढा, ब्रेकचे रबर बदला, साखळीला तेल द्या. आणि सीट या वेळी मुलीच्या उंचीला लावा.