वेष्टनावरचे चंदन

तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबणाबरोबर ग्लिसरीनही निर्माण होते. त्वचेचा ओलावा राखणारे हे द्रव्य मोठे कारखाने बहुधा वेगळे काढून विकतात; हाती केलेल्या साबणात ते टिकते. त्याचे खरे सामर्थ्य यात आहे, वेष्टनावरील चंदनाच्या चित्रात नव्हे! दुकानातील ‘बेदिंग बार’ला ४० टक्के स्निग्धांशही मानकाप्रमाणे पुरतो, पहिल्या प्रतीच्या ‘टॉयलेट सोप’ला मात्र ७६ टक्के लागतो. वेष्टनावरील हा बारीक मजकूर किती घरांत वाचला जातो?

अर्थात सोड्याचे माप चुकले तर घरगुती साबणही त्वचा पोळतो. शिवाय वडी चार ते सहा आठवडे मुरू द्यावी लागते. इतका धीर धरणाऱ्या बचत गटांतील भगिनींना चार पैसे अधिक मिळायलाच हवेत. तयार बेस वितळवून साच्यात ओतणाऱ्यांना नव्हे.