बायपासनंतर स्टिअरिंग कधी?

बायपास झालेल्या ट्रकचालकाला घरी सोडताना 'जपून राहा, जड उचलू नका' असे सांगतात. गाडी कधीपासून चालवायची, हा त्याच्या पोटाचा प्रश्न मात्र मोघमच राहतो.

ब्रिटनमध्ये त्याचे उत्तर नियमांतच आहे. स्वतःची मोटार चालवणाऱ्याने बायपासनंतर चार आठवडे थांबायचे, ट्रक-बसचालकाने किमान तीन महिने. शिवाय हृदयाची पंपशक्ती निदान 40 टक्के हवी आणि ट्रेडमिलची चाचणी पार पडायला हवी. शॉक देणारे आयसीडी यंत्र बसवले असेल तर अवजड वाहनाचा परवाना कायमचा बंद. हे कडक वाटते; पण भरलेल्या ट्रकच्या चालकाला क्षणभर भोवळ आली, तरी किती जीव जातील याचा हिशेब नको का?

आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला फॉर्म 1-एवर डॉक्टरांची सही लागते. त्याचा भर नजर, रंगांची ओळख, श्रवण आणि हातपाय यांवर. पंपशक्ती किती, ऑपरेशनला किती दिवस झाले, हे त्यात येत नाही. परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी. ट्रकचे पासिंग मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी!

तरीही नुसता नियम कडक करून भागणार नाही. ग्लासगोमध्ये 22 डिसेंबर 2014 रोजी कचरागाडीचा चालक बेशुद्ध पडला आणि सहा जणांचा जीव गेला. त्याचे हृदयाचे ऑपरेशन झालेले नव्हते. पण 2010 मध्येही तो बसच्या स्टिअरिंगवर बेशुद्ध झाला होता आणि ते त्याने दडवले होते, असे चौकशीत निघाले. नियम तिथेही होतेच.

आपला चालक का दडवेल, हे उघड आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला बायपास मोफत मिळते, पुढचे तीन महिने घर कशावर चालायचे? ईएसआयच्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते, म्हणजे जवळपास नेमके तीन महिने. ट्रिपवर पैसे घेणारा चालक बहुधा या योजनेबाहेरच असतो. फॉर्ममध्ये हृदयाचा रकाना हवाच, पण त्याबरोबर परिवहन खात्याने या 91 दिवसांच्या पैशांचीही तजवीज करावी. तोवर बायपास झालेल्या प्रत्येक चालकाने आपण काय चालवतो, हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे.