विश्लेषण : तुरुंगाऐवजी समाजसेवा, पण देखरेख कोणाची? रेड हूकच्या न्यायालयाचा अनुभव काय?

भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून सहा किरकोळ गुन्ह्यांसाठी ‘समाजसेवा’ ही शिक्षा आणली. पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी, दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन असे हे गुन्हे. पण दोषी व्यक्ती कामावर येते का, हे पाहणार कोण? आणि तिची दारू सोडवणार कोण? न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या रेड हूक वस्तीतील न्यायालय २००० पासून याच प्रश्नांवर काम करत आहे.

हे न्यायालय का उभे राहिले?

डिसेंबर १९९२ मध्ये तेथील शाळेचे मुख्याध्यापक पॅट्रिक डेली हे शाळेतून निघून गेलेल्या विद्यार्थ्याला शोधायला वस्तीत गेले आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या गोळीबारात सापडून मरण पावले. त्यानंतर आठ वर्षांनी एका बंद शाळेच्या इमारतीत हे न्यायालय सुरू झाले.

वेगळेपण काय?

फौजदारी, कौटुंबिक आणि घरभाड्याचे खटले एकच न्यायाधीश ऐकतात. एरवी त्यासाठी तीन न्यायालयांत जावे लागते. भाडे थकलेले घर आणि पोलिसांनी पकडलेला मुलगा अनेकदा एकाच कुटुंबातला असतो, हे इथे लगेच ध्यानात येते. व्यसनमुक्तीचे समुपदेशक, रोजगाराची मदत, समाजसेवेचे नियोजन त्याच इमारतीत. आरोपी उपचाराला जातो की नाही, हे न्यायाधीश स्वतः तपासतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे मात्र खटला नसलेले रहिवासीही मदतीसाठी येतात.

फरक पडला का?

२०१३ च्या स्वतंत्र मूल्यमापनानुसार, नेहमीच्या न्यायालयातून गेलेल्यांच्या तुलनेत इथल्या प्रौढ आरोपींना दोन वर्षांत पुन्हा अटक होण्याची शक्यता १० टक्क्यांनी कमी होती. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण खराखुरा आहे. याच धर्तीवर ब्रिटनने २००५ मध्ये लिव्हरपूलमध्ये केंद्र काढले. तिथे पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. २०१३ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय झाला. म्हणजे नुसते एका छताखाली आणणे पुरत नाही.

भारतात काय?

नागरिक सुरक्षा संहितेत समाजसेवेची व्याख्या जेमतेम एका वाक्याची आहे : समाजाच्या हिताचे, विनामोबदला काम. देखरेख आणि समुपदेशनाबद्दल त्यात काहीच नाही. १९५८ च्या कायद्याने परिवीक्षा अधिकारी दिले आहेत. दोषीची घरची परिस्थिती पाहून न्यायालयाला अहवाल देणे हे त्यांचे कामच. समाजसेवेची हजेरी त्यांच्याकडे गेली तर व्यसनाची, बेकारीची नोंद तरी होईल. पोलीस ठाण्याकडे गेली तर फक्त सही होईल.