घरातलं डाएट आणि मुलांचं ताट



आज पाठाच्या टाचणाबद्दल नाही, जेवणाबद्दल लिहितोय. कारण वर्गातलंच आहे, आणि त्यात चूक माझी होती.

मागच्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. परिसर अभ्यासातला 'आहाराची पौष्टिकता' हा पाठ घेत होतो. बोलण्याच्या ओघात मी सांगून टाकलं, "मी तर सहा महिने झाले, भात-पोळीला हातसुद्धा लावलेला नाही. म्हणून तर नऊ किलो कमी झालो!" मुलं हसली, मीही हसलो, तास संपला. तीन-चार दिवसांनी पोषण आहार शिजवणाऱ्या ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, ती पहिल्या बाकावरची पोरगी खिचडीतली मटकी तेवढी येचून खाती अन् भात ठिवती. इचारलं तर म्हणती, भातानं जाड होतं, सरांनी सांगितलंय."

त्या मुलीचं वजन शाळेच्या नोंदीत २१ किलो होतं. वय साडेनऊ.

मला त्या दिवशी घास गिळवेना. आपण पाटीवर लिहिलेलं मुलं विसरतात आणि सहज बोललेलं घरी घेऊन जातात, हे इतकी वर्षं शिकवून मला कळायला हवं होतं.

आता माझ्या डाएटची हकिकत थोडक्यात सांगतो. रक्ततपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की गोड बंद करा, भाकरी-भात मोजून खा, रोज चाला. मी मात्र मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलो आणि एकदम टोक गाठलं. भाकरी बंद, पोळी बंद, भात बंद, केळंसुद्धा बंद. पनीर, अंडी, काकडी, बदाम. (एकादशीला मात्र साबुदाण्याची खिचडी पोटभर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, हे मला पुढे कळलं. उपवासाला कार्ब लागू होत नाहीत अशी माझी समजूत असावी.)

वजन उतरलं हे खरं आहे. ते का उतरलं हेही समजून घ्या. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कर्बोदकं तोडली की हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो तो बराचसा यामुळे. चरबी नंतर हळूहळू कमी होते. पण म्हणून कमी कार्बचं सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२५ मध्ये आले. त्यानुसार आपण भारतीय दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी सरासरी ६२ टक्के कर्बोदकांमधून घेतो, तीही बहुतेक पांढरा भात, दळलेलं पीठ आणि साखर यांतून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की धान्यातून ४५ टक्क्यांपर्यंतच ऊर्जा यावी. म्हणजे खुर्चीत बसून काम करणाऱ्या, चाळिशीकडे झुकलेल्या माझ्यासारख्यानं भाकरी-भात कमी करणं योग्यच होतं. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. गहू किंवा तांदूळ सोडून ज्वारी-बाजरीचं पीठ धरलं पण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर धोका फारसा कमी होत नाही. आमच्या सोलापूर भागात हे कुणाला पटत नाही. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असाच आमचा समज.

तेव्हा मी डाएट केलं ही चूक नव्हती. माझं डाएट मी अख्ख्या घराचं केलं आणि मग वर्गाचं केलं, ही चूक होती.

घरात काय झालं बघा. माझी पत्नी सकाळी सहाला उठून तीन स्वयंपाक करायची. माझं पनीर आणि कोशिंबीर, आईसाठी भाकरी-कालवण, लेकीच्या डब्याची पोळी-भाजी. ती स्वतः शेवटी जेवायची, आणि काय जेवायची? मी नको म्हटलेला भात आणि लेकीनं उरवलेली पोळी. अन्न टाकवत नाही ना तिच्यानं. म्हणजे माझ्या वाटचे कार्ब ती खात होती, आणि तिच्या वाट्याला आलं असतं ते पनीर मी खात होतो. वजन माझं घटत होतं, कौतुक माझं होत होतं. चार महिन्यांनी ती एकदा एवढंच म्हणाली, "अहो, तुमचं डाएट मीच करतेय की हो." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज लिहिताना लाज वाटते.

आईचं दुखणं वेगळं होतं. ती म्हणायची, "तुझ्या ताटात भाकरी नसली की मला वाढल्यासारखंच वाटत नाही." मी तिला ग्लुकोज, इन्सुलिन समजावत बसायचो. तिला समजून घ्यायचं नव्हतंच. भाकरीला विष म्हटलेलं तिला सहन होत नव्हतं, कारण बहात्तरच्या दुष्काळात तिनं भाकरीसाठी खडी फोडली आहे.

आणि लेक? ती दुसरीत आहे. एक दिवस बाहुलीला भरवताना म्हणाली, "पोळी नको खाऊ, पोट येईल."

आता मुलांच्या शरीराचं बघू. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या शरीराला दिवसभरात लागणाऱ्या ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास एकटा मेंदू वापरतो. मोठ्यांमध्ये हाच आकडा विसाच्या घरात असतो. मेंदूचं नेहमीचं इंधन म्हणजे ग्लुकोज. मूल वाढतंय, पळतंय, शिकतंय. तुमच्या शरीरात शिल्लक फार झालीय म्हणून तुम्ही वजाबाकी करताय. त्याच्या खात्यात शिल्लक मुळात आहे का, हे कोणी बघितलंय? काही जण म्हणतील, कीटो डाएट लहान मुलांनाही देतात की. देतात. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ते मांडलं गेलं तेच मुळी अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी. आजही औषधांनी न थांबणाऱ्या फिटसाठी मुलांना ते देतात, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ग्रॅम-ग्रॅम मोजून. तो उपचार आहे, घरगुती प्रयोग नव्हे. आपल्याकडे दोन वेळा जेवण्याची पद्धत घरोघरी पोचवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीही १८ वर्षांखालच्या मुलांना त्यातून वगळलेलं आहे. व्हिडिओ बघणारे नेमकं तेवढंच ऐकत नाहीत.

मोठ्यांनाही एक सांगून ठेवतो. आमच्या स्टाफरूममधले एक ज्येष्ठ सर मधुमेहाच्या गोळ्या घेतात. त्यांनी कुणाचं तरी ऐकून भाकरी बंद केली, गोळ्या मात्र त्याच ठेवल्या. अकराच्या सुमाराला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना कार्ब एकदम तोडले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं करू नका.

त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी एक आठवडा नुसतं निरीक्षण केलं. मुलं घरून काय खाऊन येतात? चहा-चपाती. चहा-बिस्किट. चहा-पाव. छोट्या सुट्टीत पाच रुपयांचं पाकीट. डब्यात साखर-पोळीचा रोल. म्हणजे पोळी आहे, पण पोळीच्या सोबतीला कोणी नाही. वरण नाही, उसळ नाही, शेंगदाण्याची चटणीसुद्धा नाही. आमच्या मुलांची अडचण पोळी जास्त होण्याची नाही, बाकीचं कमी पडण्याची आहे. त्यांच्या ताटात बेरीज पाहिजे.

शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. कितीतरी मुलांचं दिवसातलं सगळ्यात चौरस जेवण हेच असतं. मध्यंतरी आठवड्यातून एक अंडं सुरू झालं होतं, पुढे २०२५ च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबला आणि लोकसहभागातून बघा असं आलं. माझं मत विचाराल तर भात वाईट की चांगला यावर वाद घालण्यापेक्षा पालकसभेत त्या अंड्याचं काय करायचं यावर बोलायला हवं.

आणि हेही विसरू नका की बदाम-पनीर सगळ्यांना परवडत नाही. माझ्या वर्गातल्या अर्ध्या आया रोजंदारीवर खुरपायला जातात. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला "कार्ब कमी करा" म्हणणं म्हणजे चेष्टाच. भाकरी हीच तिला परवडणारी ताकद आहे. पिठलं, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, शेंगांची चटणी हे तिच्या घरातलंच आहे, ते भाकरीबरोबर रोज पानात पडावं एवढंच बोलू या. १०० ग्रॅम डाळीत वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. त्यासाठी कुठली पावडर आणायला नको.

आमच्या घरी आता एकच स्वयंपाक होतो. मी तीनऐवजी एक भाकरी घेतो, उसळ दुप्पट. रात्री कडधान्य भिजवणं आणि संध्याकाळची उसळ फोडणीला टाकणं माझ्याकडे. (मीठ अजून अंदाजानं जमत नाही.) पत्नी आमच्याबरोबरच पानावर बसते. साखर सध्या ५.८ आहे. जेवताना कॅलरी, कार्ब, पोट, वजन हे शब्द काढायचे नाहीत असं ठरलंय. मोडतं अधूनमधून.

शिक्षक मित्रांना एक विनंती. वजन-उंचीच्या नोंदी घेताना आकडा मोठ्यानं वाचू नका. "काय रे ढोल्या", "हडकुळे, खातेस का नाही" हे आपण प्रेमानं म्हणतो, पण ते मूल घरी जाऊन आरशासमोर उभं राहतं. एका पालकांनी सभेत मला विचारलं, "सर, पोराचं पोट सुटलंय, भात बंद करू का?" मी म्हटलं, भात राहू द्या. पाकीट बंद करा, संध्याकाळी मोबाईल काढून घ्या आणि तुम्ही त्याच्याबरोबर मैदानावर जा. तरीही वाटलं तर डॉक्टरांना दाखवा, व्हिडिओला नको. ते म्हणाले, मैदानावर जायला वेळ कुठाय. यावर मी काय बोलणार?

त्या मुलीशी मी दुसऱ्याच दिवशी बोललो होतो. वर्गासमोर सांगितलं की सरांचं चुकलं, सर मोठे आहेत आणि बसून काम करतात, तुमचं तसं नाही. तिनं मान हलवली. पण सांगून काही झालं नाही. चार दिवसांनी ती म्हणाली, "पण सर, तुम्ही तर खात नाही." मग मी ताट घेतलं, तिच्या ओळीत मांडी घालून बसलो आणि ताईंना म्हटलं, वाढा. वाटीभर खिचडी खाल्ली. शेजारी तिनंही संपवली, वर आणखी मागितली.