सुटे शब्द आणि कर्जाचा हप्ता

'इंटरेस्ट' म्हणजे व्याज आणि 'रेट' म्हणजे दर, हे शाळेतला मुलगाही सांगेल. परंतु 'फ्लॅट रेट' आणि 'रिड्यूसिंग बॅलन्स' या शब्दजोड्यांतील अंतर किती पदवीधरांस ठाऊक असते? एक लाख रुपयांचे कर्ज वर्षभरात बारा समान हप्त्यांनी फेडावयाचे असून 'फ्लॅट' दर १० टक्के असेल, तर व्याज दहा हजार होते. मुद्दल मात्र दरमहा घटत असते. म्हणून घटत्या शिलकीवर हाच दर सुमारे १८ टक्के पडतो. इंग्रजीचे सुटे शब्द पाठ करविणारे शिक्षण येथे अपुरे ठरते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यावरून ठरतो, आणि तो न कळल्याचा दंड कारकुनाच्या पगारातून वसूल होतो.

कर्जाचा मुख्य तपशील ऋणकोला समजेल अशा भाषेत लिहून द्यावा व समजावून सांगावा, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये बँकांना बजावले आहे. हा हक्क मराठी कर्जदाराने निःसंकोच मागून घ्यावा. आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी एखादा तास तरी कर्जाच्या कराराचा कागद वर्गात वाचावा. सही केल्यानंतर कळलेला अर्थ फार महाग पडतो.