ईगल्सचे पुनरागमन आणि एका दुकानाची मक्तेदारी

अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक साप्ताहिकाने नोव्हेंबर २००७मध्ये आपल्या अल्बम-यादीचा एक जुना नियम ऐन वेळी बदलला. केवळ एकाच विक्रेत्याकडे मिळणारा अल्बम मुख्य यादीत धरायचा नाही, असा तो नियम होता. तो रद्द होताच ‘ईगल्स’ या ज्येष्ठ रॉक बँडचा ‘लाँग रोड आऊट ऑफ ईडन’ हा दुहेरी अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. पहिल्या आठवड्यात त्याच्या ७ लाख ११ हजार प्रती खपल्या होत्या. तो मान ज्या गायिकेकडे जाणार असे गृहीत धरले जात होते, त्या ब्रिटनी स्पीअर्सच्या ‘ब्लॅकआऊट’चा खप २ लाख ९० हजार होता. साठीच्या आसपासच्या चार संगीतकारांनी पंचविशीतील तारकेला मागे टाकले, ही बातमी रंजक खरीच. परंतु त्या आठवड्यात खरा विजय कोणाचा झाला, याचे उत्तर तितके सरळ नाही.

ईगल्सचा त्यापूर्वीचा संपूर्ण स्टुडिओ अल्बम ‘द लाँग रन’ १९७९मध्ये आला होता. मध्ये २८ वर्षे गेली. १९७१मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झालेल्या या बँडने ‘होटेल कॅलिफोर्निया’च्या यशानंतर जी उंची गाठली, तीच त्याला पेलवली नाही. जुलै १९८०मध्ये लाँग बीच येथे सेनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ग्लेन फ्राय आणि डॉन फेल्डर गाण्यांच्या मधल्या वेळात एकमेकांना धमकावत होते. त्यानंतर बँड फुटला. १९९४मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली, त्याही वेळी नवी गाणी अवघी चार होती. दौऱ्याच्या तिकिटांचे दर मात्र शंभर डॉलरच्या पुढे गेले आणि जुन्या आठवणींना केवढा भाव येतो, हे संगीतव्यवसायाला कळले.

पुनर्मीलन म्हणजे मनोमीलन नव्हे. २००१मध्ये फेल्डर यांना बँडमधून काढून टाकण्यात आले. १९९४पासून डॉन हेन्ली आणि फ्राय उत्पन्नाचा मोठा वाटा स्वतःकडे घेत आहेत, असा त्यांचा आरोप होता. ते प्रकरण न्यायालयात गेले आणि २००७मध्ये न्यायालयाबाहेर मिटले. ‘होटेल कॅलिफोर्निया’ची मूळ चाल ज्यांनी रचली आणि ज्यांच्या गिटारमुळे ते गाणे जगभर ओळखले जाते, ते फेल्डर या पुनरागमनात नव्हते. हेन्ली, फ्राय, जो वॉल्श आणि टिमथी श्मिट हे चौघेच उरले होते.

ज्या वर्षी हा अल्बम आला, ते २००७ साल संगीतव्यवसायाच्या दृष्टीने विलक्षण होते. सीडीची विक्री वर्षागणिक घसरत होती. ‘टॉवर रेकॉर्ड्स’ ही अमेरिकेतील नामांकित दुकानांची साखळी २००६च्या अखेरीस बंद पडली होती. प्रिन्सने जुलैमध्ये आपला नवा अल्बम ब्रिटनमधील एका रविवारच्या वृत्तपत्रासोबत चक्क फुकट वाटला. ऑक्टोबरमध्ये ‘रेडिओहेड’ने ‘इन रेनबोज’ इंटरनेटवर ठेवून किंमत श्रोत्यांवर सोपवली. प्रस्थापित कलावंत रेकॉर्ड कंपन्यांच्या तावडीतून सुटण्याचे मार्ग शोधत होते. ईगल्सने निवडलेला मार्ग मात्र बाजारपेठेच्या अगदी मध्यातून जाणारा होता. त्यांनी अल्बम स्वतःच्या कंपनीच्या नावाने काढला आणि अमेरिकेत वर्षभर तो विकण्याचा हक्क वॉल-मार्ट या महाकाय किरकोळ विक्रेत्याला दिला. वॉल-मार्टच्या दुकानांत आणि संकेतस्थळांवर, तसेच बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो मिळे, इतरत्र नाही. दोन सीडींच्या संचाची किंमत होती ११ डॉलर ८८ सेंट.

व्यवहार म्हणून यात खोट काढणे कठीण आहे. मधला दलाल गेला, मालकी हातात राहिली, हजारो दुकानांत दर्शनी मांडणी मिळाली आणि ग्राहकालाही स्वस्त पडले. प्रश्न उभा राहिला तो हेन्ली यांच्या सार्वजनिक भूमिकेमुळे. विचारवंत थोरो ज्या परिसरात राहिला, तो वाचवण्यासाठी १९९०मध्ये ‘वॉल्डन वूड्स प्रोजेक्ट’ उभारणारे पर्यावरणवादी ते हेच. कामगारांचे वेतन आणि लहान दुकानांची वाताहत यांवरून सतत टीकेचे धनी होणाऱ्या कंपनीशी त्यांनी हातमिळवणी करावी, हे अनेकांना रुचले नाही.

याहून बोचरी विसंगती फारशी कोणाच्या ध्यानात आली नसावी. १९९९मध्ये अमेरिकी कायद्यात गुपचूप घातलेल्या एका दुरुस्तीमुळे ध्वनिमुद्रणे ही कंपनीने ‘मजुरीने करवून घेतलेली कामे’ ठरणार होती. म्हणजे ३५ वर्षांनी हक्क परत मागण्याचा कलावंताचा मार्ग बंद होणार होता. कलावंतांच्या विरोधामुळे २०००मध्ये ती दुरुस्ती मागे घेतली गेली. याच सुमारास हेन्ली यांनी ‘रेकॉर्डिंग आर्टिस्ट्स कोअ‍ॅलिशन’ ही संघटना उभी केली. तिच्या सहसंस्थापक होत्या शेरील क्रो. या क्रो यांचा १९९६चा अल्बम वॉल-मार्टने विकण्यास नकार दिला होता, कारण त्यातील एका गाण्यात त्या कंपनीच्या दुकानांतून होणाऱ्या बंदुकांच्या विक्रीवर टीका होती. आक्षेपार्ह शब्दांचा इशारा छापलेल्या सीडीही तेथे ठेवल्या जात नसत. रेकॉर्ड कंपनी कलावंताचा पैसा अडवते. पण एकमेव दुकानदार नाराज झाला, तर तो शब्दच अडवू शकतो. ईगल्सना ती अडचण आली नाही. त्यांच्याएवढे नाव नसलेल्या कोणाला हा मार्ग खुला होता, हे मात्र विचारायला हवे.

खुद्द अल्बमबद्दल बोलायचे तर तो लांबला आहे. वीस गाणी, सुमारे दीड तास. त्यातील बरीचशी एका सीडीत मावली असती आणि अधिक उठून दिसली असती. आरंभीचे वाद्यांविना गायलेले ‘नो मोअर वॉक्स इन द वूड’ हे जॉन हॉलंडर यांच्या कवितेवर बेतलेले गीत ऐकताना चार गळ्यांचा मेळ वयाने किंचितही बिघडलेला नाही, हे जाणवते. ‘हाऊ लाँग’ हे तर जे. डी. साऊदर यांचे १९७२चे गाणे. बँड ते सत्तरच्या दशकात मैफलींत गात असे, पण ध्वनिमुद्रित करायचे राहून गेले होते. त्यालाच २००८मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तोही कंट्री संगीताच्या विभागात. नव्या गाण्यांपैकी खरोखर महत्त्वाचे आहे ते दहा मिनिटांहून दीर्घ असे शीर्षकगीत. इराक युद्ध ऐन भरात असताना लिहिलेल्या या गाण्यात वाळवंटातील सैनिक आणि चंगळवादात दंग झालेला स्वदेश समोरासमोर येतात. अमेरिकी उपभोगावरील हे प्रखर भाष्य अमेरिकेतील सर्वांत मोठ्या दुकानाच्या मांडणीवरून घरोघर गेले! याला ढोंग म्हणावे की धूर्तपणा, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. आमच्या मते यात ढोंगापेक्षा असहायता जास्त आहे, कारण २००७च्या अमेरिकेत दुसरीकडे एवढा श्रोता जमतच नव्हता.

या यशाचा धडा इतरांनी लगेच गिरवला. २००८मध्ये ‘जर्नी’ आणि पाठोपाठ ‘एसी/डीसी’ वॉल-मार्टकडे गेले. एसी/डीसीच्या ‘ब्लॅक आइस’ने पहिल्या आठवड्यात ७ लाख ८४ हजारांचा पल्ला गाठला. ‘गन्स एन’ रोझेस’ने दीर्घ प्रतीक्षेनंतरचा ‘चायनीज डेमॉक्रसी’ ‘बेस्ट बाय’ला दिला, तो मात्र तिसऱ्या क्रमांकावरच थांबला. मक्तेदारी जुन्या नावाला पाठबळ देते; गाणी गाजवण्याची हमी ती देत नाही, एवढे त्यातून दिसले.

भारतीय वाचकाला वॉल-मार्टचे नाव त्याच काळात वेगळ्या संदर्भात परिचित होत होते. ऑगस्ट २००७मध्ये भारती समूहाशी घाऊक व्यापारासाठी त्या कंपनीचा करार झाला आणि किराणा दुकानदारांनी त्याविरुद्ध आंदोलने केली. पहिले घाऊक दुकान २००९मध्ये अमृतसरला उघडले. आपल्याकडील संगीताच्या दुकानांना संपवायला मात्र वॉल-मार्टची गरज पडली नाही. मुंबईच्या काळा घोडा भागातील ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६मध्ये बंद झाले, तोवर श्रोता मोबाइलवर गेलेला होता. सीडीच्या मक्त्याची ती लढाईही त्याच ओघात निरर्थक ठरली.

ग्लेन फ्राय यांचे जानेवारी २०१६मध्ये निधन झाले. २०१७पासून त्यांचे चिरंजीव डीकन आणि गायक विन्स गिल यांना सोबत घेऊन बँड पुन्हा मंचावर आला. ऑगस्ट २०१८मध्ये अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगसंघटनेने त्यांच्या एका संग्रहाला ३८ वेळा प्लॅटिनम ठरवून त्या देशातील सर्वाधिक खपाचा अल्बम म्हणून मान्यता दिली. तो ‘लाँग रोड आऊट ऑफ ईडन’ नव्हता. तो होता १९७६मध्ये त्यांच्या तत्कालीन रेकॉर्ड कंपनीने जुनी गाणी एकत्र करून बाजारात आणलेला ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’.