शेरा एकाच्याच नावापुढे

आजचा विषय संगणकाचा आहे, पण वर्गात कामाला येईल.

तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्सचा कर्नेल चालतो. लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कॅमेरा, कीबोर्ड, पेनड्राइव्ह, सगळ्यांना तोच सांभाळतो. एखादं अॅप चुकलं तर बहुतेक वेळा तेवढंच बंद पडतं. कर्नेल चुकला तर अख्खं यंत्र बसतं.

आता गंमत बघा. पेनड्राइव्हमध्ये माहितीचे कप्पे असतात आणि त्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. कर्नेल विचारतो, "शेवटचा क्रमांक किती?" समजा कप्पे ४० आहेत. बरोबर उत्तर ३९. पण काही उपकरणं नियम मोडून एकूण संख्याच सांगतात, ४०. कर्नेल त्यात एक मिळवून ४१ कप्पे धरतो. नसलेला कप्पा वाचायला गेला की चूक येते, काही उपकरणं तर अडकूनच बसतात.

उपाय सोपा वाटतो, सगळ्यांच्याच उत्तरातून एक वजा करा! पण मग चांगल्या उपकरणांचा शेवटचा कप्पा हरवेल. अनेक डिस्कवर विभागांच्या नोंदीची राखीव प्रत नेमकी तिथंच असते.

म्हणून लिनक्समध्ये अशा विक्षिप्त उपकरणांची वेगळी यादी ठेवली आहे. आपल्या हजेरीपटातला शेऱ्याचा रकानाच म्हणा ना. त्यात कंपनीचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक आणि कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत, हेही असतं. कंपनीनं पुढच्या आवृत्तीत दोष काढला, तर तिला तो शेरा लागत नाही. काही नोंदींची गरज उरली नाही, तर कर्नेल स्वतःच तसा संदेश देतो.

मला हे वाचून माझाच वर्ग आठवला. इथं निलंग्यात माझ्या वर्गातला एक मुलगा श्रुतलेखनात कायम मागं पडायचा. मी साऱ्या वर्गाचाच वेग कमी केला. बाकीची पोरं कंटाळून दंगा करू लागली आणि त्याचे शब्द तरीही सुटतच राहिले. पुढं तपासणीत कळलं, त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्याला पहिल्या बाकावर, उजवा कान माझ्याकडं येईल असं बसवलं. काम झालं.

मी आधीच घाईनं 'अभ्यासात मंद' असा शेरा मारला असता तर? पुढच्या गुरुजींनी तोच खरा धरला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे. शेरा लिहा, पण ज्याचा त्याच्याच नावापुढं. नेमकं काय होतं आणि काय केलं की जमतं, तेही लिहा. आणि दरवर्षी तो पुन्हा वाचा; गरज संपली असेल, तर खोडायला लाजू नका. पालकहो, तुम्हाला माहीत असलेली अशी गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगा. वर्ष वाया जाणार नाही.